पॉलिहाऊसमधलं ठिबक आणि साचणारं मीठ

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात कडोली-उचगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंत कुणाच्याही पॉलिहाऊसमध्ये डोकावलं की ढोबळी मिरची नाहीतर काकडी दिसते, आणि बेडवर ठिबकच्या काळ्या नळ्या. हल्ली एक तक्रार मात्र सारखी कानावर येते. पहिली दोन-तीन पिकं झकास आली, पुढच्या पिकाला पानांच्या कडा करपल्या, रोपं खुरटली. दुकानदार एक बाटली देतो, ती फवारून काही होत नाही, आणि मग बोलणी खातं ठिबक.

माझ्या मते ठिबकचा दोष निम्माच. ठिबकनं माती चेपत नाही, वर पापडी धरत नाही, मुळांना हवा मिळते, पानं कोरडी राहतात म्हणून रोगही कमी. हे सगळं खरं आहे. पण उघड्या रानात मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस मातीतले क्षार धुऊन खाली नेतो. पॉलिहाऊसच्या मातीला वर्षानुवर्षं पावसाचा थेंब लागत नाही. पाण्यातून आणि खतातून आलेलं मीठ तिथंच बसतं.

किती येतं? हिशेब करू. 20 गुंठ्यांचं पॉलिहाऊस, रोजचं 6000 लिटर पाणी. बोअरच्या पाण्याची ईसी, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारी विद्युत वाहकता, 1 (डेसीसायमन प्रति मीटर) असेल, तर लिटरमागे साधारण 640 मिलिग्रॅम क्षार. म्हणजे दिवसाला पावणेचार किलोच्या वर, महिन्याला 115 किलो. दोन पोती भरून वर उरेल एवढं. यात विद्राव्य खतं धरलेलीच नाहीत. थोडं पीक उचलतं, थोडं चुन्याच्या रूपात बसतं, पण सोडियम आणि क्लोराईड पिकाला फारसे नकोच असतात; ते मातीतच राहतात. अथणी-रायबागकडे ज्यांच्या घरी पाणी तापवायच्या हंड्याला आतून पांढरा जाड थर बसतो, त्यांनी आपलं पाणी आधी तपासावं.

हे मीठ बेडमध्ये सगळीकडे सारखं पसरत नाही, आणि इथंच फसगत होते. ड्रिपरखाली, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोंडाखाली, पाणी मुरतं तेव्हा कांद्याच्या आकाराचा ओला गोळा तयार होतो. तांबड्या मातीत तो खोल आणि अरुंद, काळ्या मातीत उथळ आणि पसरट. पाणी क्षारांना ढकलत ढकलत या गोळ्याच्या कडेला नेऊन सोडतं. मल्चिंग पेपर बाजूला करून बेडच्या खांद्याला बघा, नखानं खरवडलं तर पांढरी भुकटी निघेल. ड्रिपरच्या अगदी खाली माती छान भुसभुशीत असते, म्हणून तिथलाच नमुना घेणाऱ्याला अहवाल चांगला येतो. दोन पिशव्या करा. एक ड्रिपरखालची, दुसरी दोन नळ्यांच्या मधली.

यावरून आणखी दोन गोष्टी ठरतात. नवीन रोप जुन्या दोन ड्रिपरच्या मधोमध लावू नका, ती मिठाचीच जागा. आणि प्लास्टिक फाटून पावसाची भुरभुर आत येत असेल, तर पाऊस आहे म्हणून ठिबक बंद करू नका. हलका पाऊस कडेचं मीठ मुळांकडे ढकलतो. ठिबक चालू असलं तर ते बाहेरच राहतं.

ढोबळी मिरची या बाबतीत फार नाजूक. मातीची ईसी 1.5 च्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पन्न 14 टक्क्यांच्या आसपास घटतं. टोमॅटो आणि काकडी 2.5 पर्यंत तग धरतात. मात्र हे आकडे माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काचे आहेत. आपल्या प्रयोगशाळा बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेतात, त्यात आकडा बराच कमी दिसतो. कोणत्या पद्धतीनं तपासलं ते विचारून घ्या. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करा, किंवा मत्तीकोप्प, तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात. अहवाल कन्नडात आला म्हणून बाजूला ठेवू नका. ईसी आणि पीएच (मातीचा आंबटपणा) एवढं तरी बघाच. खानापूरकडच्या तांबड्या मातीत पीएच जास्त महत्त्वाचा, कारण युरिया आणि अमोनियाची खतं सतत ठिबकमधून दिली की ड्रिपरखालची माती आंबट होत जाते.

आता उपाय. पांढरा पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, ठिबकमधून देणं थांबवा, त्यात जवळपास निम्मं क्लोराईडच असतं. त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. महाग आहे, कबूल. मातीतलं सोडियम सुटं करणारं जिप्सम मात्र अहवालात सोडियम जास्त आला तरच. शेजाऱ्यानं टाकलं म्हणून टाकू नका.

खरा उपाय धुण्याचा. दोन पिकांच्या मध्ये, फूटभर मातीतून फूटभर पाणी जिरवून खाली घालवलं तर सुमारे 80 टक्के क्षार निघून जातात. काळ्या मातीत निचऱ्याचा चर आधी काढा, नाहीतर तेच पाणी मीठ घेऊन वर येईल. 20 गुंठ्यांना हे पाणी लागतं सहा लाख लिटर. ते बोअरचं वापरलं तर पुन्हा मीठच ओतल्यासारखं. पण बेळगाव-खानापूर भागात वर्षाला 1000 मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे त्याच 20 गुंठ्यांच्या छपरावर 20 लाख लिटर पाणी, जवळजवळ शून्य क्षाराचं. ते आपण गटरातून ओढ्याला सोडून देतो. गटरचा पाइप शेततळ्याकडे वळवा, तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरा, आणि पीक काढल्यावर हेच पाणी बेडला द्या. उरलेलं रोजच्या ठिबकला बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं, तरी महिन्याची ती दोन पोती एकावर येतात.