वल्ला पाला टाकू नको

(दृश्य: सकाळ. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पसरलेली दादर ज्वारी, त्यावरून फिरणारा हात.)

वैशाखातली सकाळ. खान्देशात नऊ वाजले की धाब्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. गिरणाकाठच्या या घरात वर्षाची दादर, गहू आणि कळण्याच्या भाकरीचे उडीद तीन दिवसांपासून वर वाळत पडलेत. आजी दादरीचा एक दाणा उचलते, दाताखाली धरते. कट्ट! वाजला, म्हणजे वाळला.

खाली अंगणात निंब उभा आहे. बाकी महाराष्ट्राचा कडुलिंब, इथे नुसता निंब. सून आकडीने डहाळ्या ओढते, पाला ओरबाडून ओट्यावर पसरते. उन्हात नाही, सावलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाईने पाल्याची पाटी उचलून धान्याच्या कोठीकडे निघते. आजी पाटीत हात घालते, मूठभर पाला दाबून बघते आणि पाटी पुन्हा खाली ठेवायला लावते.

“पोरी, वल्ला पाला टाकू नको.”

कारण ती सांगत नाही. तिच्या सासूनेही तिला सांगितलं नसणार. ओला पाला कोठीत कोंडला की त्याचा दमटपणा दाण्यात उतरतो आणि बुरशी धरते. कडक उन्हात वाळवला तर वास उडून जातो. म्हणून सावली, म्हणून दोन-तीन दिवस, म्हणून रोज एकदा वरखाली करायचं. पान हिरवं दिसलं पाहिजे आणि मुठीत चुरचुरलं पाहिजे. ही वेळ घड्याळ सांगत नाही, तळहात सांगतो.

झाड दारात असणं वेगळं आणि त्याचा वास कामाला लावणं वेगळं. हे दुसरं काम या घरात अजून होतं, म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन इथे आलो.

(दृश्य: पत्र्याची कोठी. दादर, पाला, पुन्हा दादर.)

उन्हातून उतरवलेलं धान्य लगेच भरत नाहीत. रात्रभर निवू देतात, मगच कोठीत घालतात. वीतभर दादर, वर पाल्याचा थर, पुन्हा दादर. उडदालाही तसंच. तुरीच्या डाळीला एरंडाच्या तेलाचा हात. कोपऱ्यात जुनी कणगी आहे, शेणाने सारवलेली. आता ती रिकामी असते, पण टाकवत नाही.

दादर-गव्हाला हे सगळं सोंडकिड्यासाठी. सोंडकिड्याची मादी सोंडेने दाणा पोखरते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा खाते. आपल्याला दिसतं ते पीठ झाल्यावर. कडक वाळलेला दाणा तिला पोखरायला जड जातो, म्हणून मोठं काम वैशाखातल्या उन्हाचंच. पाल्याचा कडवट वास त्याच्या मागून पहारा देतो.

(दृश्य: आषाढ. निंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा. पोरं वेचतायत.)

आषाढात पुन्हा आलो तेव्हा झाडाखाली असा सडा पडला होता. या पिवळ्या निंबोळीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली. हिरवं म्हणून जे होतं ते टोळांनी खाल्लं, निंब तेवढे सोडले. हाइनरिख श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने ते पाहिलं. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या बियांतला गर पाण्यात कालवून पिकांवर फवारला. टोळांनी त्या पिकांना तोंड लावलं नाही. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतलं टोळांना रोखणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं: अझाडिरॅक्टिन. त्याची रचना उलगडायला १९८५ उजाडलं. प्रयोगशाळेत ते बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २२ वर्षं लागली, २००७ पर्यंत. तेच द्रव्य हे झाड दर आषाढात आपल्या अंगणात टाकतं आणि आपण ते झाडूने लोटून देतो.

१९९४ मध्ये निंबोळीच्या तेलाने बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर युरोपात पेटंट दिलं गेलं. मालक अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी त्याला आव्हान दिलं. भारतात हे आधीपासून चालत आलंय, हे मांडलं गेलं. २००० मध्ये पेटंट रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. या अंगणातली आजी तेव्हाही दर वैशाखात कोठी भरत होती.

(दृश्य: परसदार. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहा. तुळशीच्या पानाचं अगदी जवळून चित्र.)

आता हे पान नीट बघा. तुळशीच्या पानावर ही बारीक लव दिसते, तिच्यामध्ये इवले इवले थेंब आहेत. सुगंधी तेलाच्या या पिशव्या पानाच्या बाहेरच्या अंगाला असतात. म्हणून तुळशीला नुसता पदर घासून गेला तरी वास येतो. पुदिन्याचंही तसंच. गवती चहाचं तेल मात्र पात्याच्या आत असतं. हात फिरवा, फारसं काही कळणार नाही. पातं मुरगाळा, मग बघा! त्या वासाचं नाव सिट्रल. त्याच्याच भावकीतलं सिट्रोनेला गवत, ज्याचं तेल डासांच्या मलमात घालतात.

डास आपल्याला शोधतो तो उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून, घामाच्या वासावरून. ही तेलं त्या खुणा झाकोळतात. पण पान मोडलं तर. खिडकीत कुंडी ठेवून निवांत झोपलं तर डास येणारच, आणि मग झाडाला बोल लावायचा, हे बरोबर नाही. आजी पाती मुरगाळून खोबरेल तेलात दोन दिवस मुरवते आणि ते तेल हातापायाला लावते. तास-दीड तासात वास उतरतो, पुन्हा लावायचं. बाजारातलं अर्काचं तेल मात्र तसंच अंगाला लावू नका, आग होते. आणि तान्ह्या बाळाला कापूर लावू नका.

(दृश्य: दिवेलागण. गोठ्यात खापरात धुमसणारी गोवरी.)

गोवरीच्या निखाऱ्यावर अर्धवट वाळलेला निंबाचा पाला आणि निरगुडी. निरगुडी नाल्याकाठी उगवते, कुणी लावत नाही. ज्वाळ होऊ द्यायची नसते, धुमसत ठेवायचं. बैल शेपटी हलवायचे थांबतात. हे आम्ही सलग वीस मिनिटं चित्रित केलं, त्यातलं एक मिनिट इथे ठेवतो.

(एक मिनिट निवेदन नाही. फक्त बैल, धूर, रातकिड्यांचा आवाज.)

सून खापर उचलून आत न्यायला निघते.

“धूर घरमा नको.”

खापर ओट्याच्या कडेलाच राहतं. खोलीत कोंडलेला धूर पोरांच्या छातीला बाधतो, मग तो निंबाचा असो नाहीतर उदबत्तीचा.

आणखी एक. उन्हाळाभर चाललेल्या कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची. डेंग्यूचा डास तिथे आठ-दहा दिवसांत तयार होतो, दिवसा चावतो आणि पाल्याला जुमानत नाही.

(दृश्य: लोखंडी पेटी. गोधड्या. जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं वेखंड.)

थंडीच्या गोधड्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या. दर वर्षी आजी एक पुरचुंडी सोडते, कांडी नखाने खरवडते, नाकाशी धरते. वास आला तर पुन्हा बांधायची, नाहीतर नवी. पोटात घ्यायचं हे नाही, पेटीतच राहू द्यायचं.

(दृश्य: कार्तिक. कोठीचं झाकण निघतं.)

दिवाळीनंतर तिसऱ्यांदा आलो. झाकणाच्या कडेची शेणमाती विळ्याने उकलली. वरचा पाला तपकिरी झालेला, हात लागताच भुगा. सून ओंजळभर दादर काढते आणि न सांगता आजीपुढे धरते. आजी एक दाणा दाताखाली धरते.

अंगणात वारा आहे. सून सूप उचलते. पाल्याचा भुगा उडून निंबाच्या बुंध्याशी पडतो, दादर सुपात राहते.