एक काउंटी, दोन मुलूख : पेम्ब्रुकशायरची लँडस्कर रेषा

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला पेम्ब्रुकशायर ही काउंटी आहे. इंग्लंडची सीमा तिथून बरीच दूर, वेल्सच्या पार दुसऱ्या अंगाला आहे. तरीही या काउंटीचा दक्षिण भाग शतकानुशतके इंग्रजी बोलतो आणि उत्तर भाग वेल्श बोलत आला आहे. इंग्रज इतिहासकार विल्यम कॅमडेन याने सोळाव्या शतकातच दक्षिण भागाला ‘वेल्सपलीकडचे इंग्लंड’ म्हटले होते. या दोन भागांमधील हद्दीला आज लँडस्कर म्हणतात. पश्चिमेला न्यूगेलच्या किनाऱ्यापासून निघून ती रोच, विस्टन, लॉहेडन आणि नार्बर्थ या किल्ल्यांच्या आसपासने पूर्वेकडे जाते. प्रशासनाने ती कधी आखली नाही, तिच्यावर नाके नाहीत, ती ओलांडताना कोणी अडवत नाही. ही रेषा पडली कशी, यापेक्षा ती टिकली कशी, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि आजचे विवेचन मुख्यतः त्याविषयी आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात सांगता येते. 1093 मध्ये दक्षिण वेल्सचा राजा रिस अप टेउडुर मारला गेला, इंग्लंड जिंकून बसलेल्या नॉर्मन सरदारांनी ही संधी साधली आणि पेम्ब्रुकचा किल्ला उभा राहिला. पुढे इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने बाराव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लँडर्समधून (आजच्या बेल्जियमच्या परिसरातून) आलेल्या लोकांना, म्हणजे फ्लेमिश लोकांना, हॅव्हरफर्डवेस्टच्या परिसरात वसवले. विस्टन हे गाव विझो नावाच्या फ्लेमिश सरदाराच्या नावावरून ओळखले जाते. दक्षिण किनाऱ्यावरील मॅनोर्बियर येथे जन्मलेल्या जेराल्ड या धर्मगुरूने 1188 च्या आपल्या वेल्स-प्रवासाच्या वृत्तांतात या फ्लेमिश लोकांचे वर्णन केले आहे : लोकरीच्या धंद्यात तरबेज, वेल्श लोकांशी कायम हाडवैर असलेले, आणि मेंढ्याच्या उजव्या खांद्याचे हाड न भाजता उकडून, मांस काढून, त्यावरून भविष्य सांगणारे. त्यांची भाषा कालांतराने लोपली. मागे इंग्रजी उरली.

वसाहतीच्या खुणा जमिनीवर अजून वाचता येतात. दक्षिणेत जॉन्स्टन, स्टेन्टन, हर्ब्रँडस्टन अशी ‘टन’ने संपणारी गावे आहेत, तर उत्तरेत क्रिमिख, माइनक्लोखोग, एग्लुइसुरू. दक्षिणेत चर्चला बहुधा उंच, तटबंदीसारखा मनोरा असतो. उत्तरेत छपराच्या टोकावर एका घंटेपुरती कमान पुरते. हा फरक इतका ठळक आहे की रक्त वेगळे म्हणून संस्कृती वेगळी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु लेटरस्टनकडे पाहावे. हे गावही एका फ्लेमिश माणसाच्या, लेटार्डच्या, नावावरून ओळखले जाते. मात्र ते रेषेच्या उत्तरेला आहे आणि भाषेने वेल्श झाले. केवळ वस्ती कोणी केली यावरून पुढच्या नऊशे वर्षांचा निकाल लागत नाही, हे यातून दिसते.

मग निकाल कशाने लागला? याचे सर्वांत चांगले उत्तर जॉर्ज ओवेन याने 1603 मध्ये या काउंटीच्या वर्णनात देऊन ठेवले आहे. तो स्वतः उत्तरेकडील हेन्लिस येथील जमीनदार होता आणि त्याची नजर शेतकऱ्याची होती. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गावात, एखादी पायवाट दोन्ही भाषांना विभागते, तिच्या एका बाजूला सगळे इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला सगळे वेल्श बोलतात, एवढे सांगून तो थांबत नाही; जमीन कसण्याची आणि मोजण्याची रीतही पायवाटेच्या दोन बाजूंना वेगळी असल्याचे तो नोंदवतो. त्याहून मोलाचे निरीक्षण पुढे आहे. सामान्य लोक शेजारी राहूनही परस्परांत सोयरीक जुळवत नाहीत आणि भरलेल्या जत्रेबाजाराखेरीज एकमेकांशी खरेदी-विक्री करत नाहीत, असे तो म्हणतो. माझ्या मते रेषा टिकण्याचे कारण इथे आहे. किल्ले केव्हाच पडके झाले. लग्ने मात्र दर पिढीला होत राहिली, आणि दर पिढीने कोणाच्या घरी मुलगी द्यायची हे ठरवताना ही हद्द नव्याने आखली.

ब्रिटनमधील लोकांच्या जनुकीय रचनेचा एक मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे चारही आजी-आजोबा जवळपासच्याच प्रदेशात जन्मले होते अशा ग्रामीण व्यक्तींचे नमुने त्यासाठी घेतले होते. त्यात उत्तर आणि दक्षिण पेम्ब्रुकशायर हे दोन वेगळे गट म्हणून दिसले. बातम्यांना असे निष्कर्ष आवडतात आणि त्यांतून ‘फ्लेमिश रक्त’ लगेच वर येते. मला त्यात ओवेनने पाहिलेली लग्नेच दिसतात : वेगळेपण रक्तातून आले असे म्हणण्यापेक्षा, वेगळे राहण्याच्या सवयीने ते रक्तात उतरले असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून आहे.

विसाव्या शतकात या सवयीला राजकीय वळण मिळाले. दक्षिणेतील कॅसलमार्टिनची सुपीक शेतजमीन दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर रणगाड्यांच्या सरावासाठी घेतली गेली आणि तो सराव तळ आजही आहे. 1946 मध्ये युद्धखात्याने उत्तरेतील प्रेसेली डोंगरांवर असाच हक्क सांगितला, तेव्हा चॅपलचे (अधिकृत चर्चपासून वेगळ्या प्रोटेस्टंट पंथांच्या प्रार्थनागृहांचे) धर्मोपदेशक आणि शिक्षक पुढे झाले आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. उत्तरेची माणसे अधिक शूर होती असा याचा अर्थ लावू नये. कॅसलमार्टिनची जमीन युद्धाच्या छायेत गेली, प्रेसेलीचा प्रश्न युद्ध संपल्यावर आला. पण भाषा आणि चॅपल यांनी बांधलेली संघटना उत्तरेकडे तयार होती, हेही खरे. त्या लढ्याचा कवी वाल्डो विल्यम्स मात्र रेषेच्या दक्षिणेला, हॅव्हरफर्डवेस्टमध्ये, इंग्रजी बोलणाऱ्या घरात जन्मला होता. सातव्या वर्षी वडिलांच्या शाळेच्या नोकरीमुळे तो उत्तरेतील मिनाख्लोग-दी येथे आला आणि सवंगड्यांबरोबर खेळता खेळता वेल्श शिकला.

या दोन मुलखांना एकत्र आणण्याचे काम, काहीसे गमतीने म्हणायचे तर, सरकारने केले. 1974 मध्ये पेम्ब्रुकशायर काउंटी मोडून ती डाव्हेद या मोठ्या काउंटीत विलीन करण्यात आली. त्या नव्या नावाविषयी दोन्हीकडे नाराजी राहिली आणि 1996 मध्ये पेम्ब्रुकशायर परत आले. आपसात सोयरीक नको, पण काउंटीचे नाव मात्र एकच हवे, अशी ही निष्ठा आहे, आणि तिच्यात मला विसंगती दिसत नाही.

भाषेची आजची स्थिती आकड्यांत पाहिली तर 2021 च्या जनगणनेत काउंटीतील 17.2 टक्के लोकांनी वेल्श येत असल्याचे सांगितले. 2011 मध्ये हे प्रमाण 19.2 टक्के होते. घट उत्तरेच्या खेड्यांना अधिक बोचते, कारण घरोघर चालणारी भाषा तिथे आहे. दरम्यान 2018 मध्ये हॅव्हरफर्डवेस्टमध्ये, म्हणजे ज्या गावाभोवती हेन्रीने परके लोक वसवले तिथेच, तीन ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी इस्गोल काएर एलेन ही वेल्श माध्यमाची शाळा सुरू झाली. वेल्श न बोलणारे पालकही मुलांना अशा शाळांत घालतात, आणि तिथे उत्तर-दक्षिण दोन्ही बाजूंची आडनावे एकाच हजेरीपटावर येतात.