सात वर्षेही पूर्ण न झालेली राणी

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडचे दूत पॅरिसला मागणी घालायला आले, तेव्हा त्यांच्यातला एक सरदार फ्रान्सच्या थोरल्या राजकन्येपुढे गुडघे टेकून म्हणाला की, देवाची इच्छा असेल तर आपण आमच्या राणी व्हाल. देवाची आणि वडिलांची इच्छा असेल तर मला आनंदच होईल, कारण मी फार मोठी बाई होईन असे सगळे सांगतात, असे उत्तर तिने कोणी न पढवता दिले आणि त्याचा हात धरून त्याला उठवले. हा प्रसंग बखरकार फ्रुआसार याने नोंदवला आहे. ही राजकन्या म्हणजे सहाव्या चार्ल्सची मुलगी इसाबेल. तिचा जन्म ९ नोव्हेंबर १३८९ चा.

१३९६ मध्ये दोन्ही राज्यांत २८ वर्षांचा युद्धविराम ठरला आणि त्यापायी, आठ लाख फ्रँक हुंडा ठरवून, इसाबेलचे लग्न कॅले येथे इंग्लंडचा २९ वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड याच्याशी लावण्यात आले. हा व्यवहार मला आजही अस्वस्थ करतो. मात्र रिचर्डने तिला लेकीसारखे सांभाळले, हे सांगायलाच हवे. १३९९ मध्ये आयर्लंडच्या स्वारीवर निघताना त्याने विंडसरला तिला उचलून घेतले आणि पुन्हा पुन्हा तिचे मुके घेतले, असे एक फ्रेंच बखर सांगते. त्यानंतर त्यांची भेट झालीच नाही. चुलतभाऊ हेन्रीने गादी बळकावली, रिचर्ड १४०० मध्ये पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यात कैदेतच मेला, आणि इसाबेल दहाव्या वर्षी विधवा झाली.

नव्या राजाला ती आपल्या मुलासाठी सून म्हणून हवी होती. परक्या मुलखात, पाठीशी कोणी नसताना, या पोरीने साफ नकार दिला. तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते. १४०१ मध्ये तिला माहेरी धाडले, पण हुंडा मात्र, तिच्या पणजोबांच्या, इंग्रजांच्या कैदेतून सुटकेसाठी ठरलेली खंडणी थकल्याचे कारण पुढे करून, अडवून ठेवला.

१४०६ मध्ये अकरा वर्षांच्या चुलतभावाशी, ऑर्लेयाँच्या चार्ल्सशी, तिचे दुसरे लग्न झाले. १३ सप्टेंबर १४०९ रोजी ब्लुआ येथे, मुलीला जन्म देऊन, एकोणीस वर्षांची इसाबेल बाळंतपणातच गेली.

ती माहेरी परतली त्याच वर्षी जन्मलेली तिची धाकटी बहीण कॅथरीन, १४२० मध्ये त्र्वा येथे इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीची वधू झाली. इसाबेलने नाकारलेला राजपुत्र तो हाच.