उंदराला संत्रं काहून पायजे?

हे नागपूरचं कळमना मार्केट. आंबिया बहाराची संत्री उतरतायत, आणि इथं कोणालाही विचारा संत्र्यात काय असते, उत्तर ठरलेलं, व्हिटॅमिन सी. पण उंदराला याची गरजच नाही बाप्पा! तो आपलं व्हिटॅमिन सी लिव्हरमध्ये ग्लुकोजपासून स्वतःच बनवतो. माणसाला आणि गिनीपिगला ते जमत नाही, शेवटच्या पायरीचं एन्झाइम बनवणारं जनुक आपल्यात कधीचंच निकामी झालंय.

आता यात रेडिएशन आणा. शरीरात पाणीच जास्त, त्यामुळे एक्स-रे किंवा गॅमा किरण आत शिरले की पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे आक्रमक तुकडे तयार होतात आणि ते समोर येईल त्याच्यावर तुटून पडतात, डीएनए असो की पेशीचं आवरण. व्हिटॅमिन सी मधे पडतं, आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि स्वतः डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड होऊन बसतं. पेशीतलंच ग्लुटाथायोन नावाचं मदतनीस रसायन हाताशी असलं तर परत मूळ रूपात येतं, नाहीतर काही मिनिटांतच त्याच्या रेणूची रिंग उघडते, मग गेलं ते गेलंच.

बोन मॅरोमधला, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या मगजातला, व्हिटॅमिन सीचा साठा असाच घसरतो. पण खरी गंमत अ‍ॅड्रिनलची. किडनीवर टोपीसारखी बसलेली एवढीशी ग्रंथी, पण व्हिटॅमिन सी ठासून भरलेलं, 1928 मध्ये हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी ते जनावरांच्या अ‍ॅड्रिनलमधूनच वेगळं काढलं होतं. उंदराला किरणांचा मोठा डोस दिला की काही तासांतच इथला साठा उतरतो. वाटतं, किरणांनीच जाळला असेल. तसं नाही! मेंदूखालची पिट्युटरी आधीच काढून टाकली असेल तर ही घसरण होतच नाही. म्हणजे ऑर्डर वरून येते, पिट्युटरीच्या एसीटीएच हार्मोनची, थंडी किंवा जखमेसारख्या ताणात सुटतो तोच.

पुढे उंदराचं लिव्हर नवा माल बनवत राहते. गिनीपिगकडे ती सोयच नाही, त्यात आजारी पडून खाणं सुटलं की बाहेरून येणंही बंद. म्हणून उंदरावरचा निकाल उचलून माणसाला चिकटवणारे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आले की मला हसू येते. आणि डोस तरी बघा ना राजेहो, छातीच्या एक्स-रेमध्ये साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट, प्रयोगात उंदराला अख्ख्या अंगावर काही ग्रे (एक्स-रेसाठी एक ग्रे म्हणजे साधारण हजार मिलिसिव्हर्ट), म्हणजे हजारो पट.