मुद्दाम आजारी पडणारी माणसं

या कपात खाण्याच्या सोड्याचं पाणी आहे आणि त्यात टायफॉइडचे जिवंत जंतू आहेत. समोर बसलेली व्यक्ती ठणठणीत आहे, आत काय आहे ते तिला नीट माहितीये, आणि तरी ती हे पिणार आहे.

ऑक्सफर्डमध्ये २०११ पासून असे प्रयोग झालेत. पोटातल्या ॲसिडने जंतू मरू नयेत म्हणून आधी नुसता सोडा प्यायचा, मग जंतू, आणि मग दोन आठवडे रोज तपासणी, रक्त द्यायचं, ताप मोजायचा. आजार पक्का झाला की लगेच अँटिबायोटिक सुरू, आणि नाही झाला तरी चौदाव्या दिवशी सगळ्यांना देतातच.

याला म्हणतात ह्युमन चॅलेंज स्टडी. आता तुम्ही म्हणाल एवढा खटाटोप कशाला, तर नेहमीच्या ट्रायलमध्ये हजारो लोकांना लस द्यायची आणि त्यातल्या कुणाला आपोआप लागण होतेय का याची वाट बघत बसायचं, त्यात वर्षं जातात. शिवाय टायफॉइडचा हा जंतू निसर्गात फक्त माणसालाच आजारी पाडतो, त्यामुळे उंदरावर प्रयोग करून एका मर्यादेपलीकडे काही कळत नाही.

हैदराबादच्या भारत बायोटेकची टायफॉइडची नवी लस अशीच तपासली गेली. निकाल आला २०१७ मध्ये. ज्यांना ही लस दिलीच नव्हती, दुसऱ्याच आजाराची दिली होती, त्यांच्यातल्या ३१ पैकी २४ जणांना टायफॉइड झाला, आणि ही लस घेतलेल्या ३७ पैकी १३ जणांना. इतक्या थोड्या माणसांत एवढा फरक दिसला!

पण या पद्धतीचा इतिहास वाचताना पोटात कालवतं. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नरने आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला गायीच्या देवीचा पू टोचला आणि नंतर खऱ्या देवीचा, आता आठ वर्षांचं पोर काय संमती देणार? आणि १९४६ ते ४८ मध्ये ग्वाटेमालात अमेरिकन संशोधकांनी कैद्यांना, सैनिकांना, मनोरुग्णांना काहीही न सांगता गुप्तरोगांची लागण केली, त्याची माफी अमेरिकेने मागितली ती थेट २०१० मध्ये. म्हणून आज एथिक्स कमिटी, लेखी संमती, कधीही बाहेर पडायची मुभा, हे सगळं आधी आणि प्रयोग नंतर. यातली एक जरी गोष्ट ढिली पडली तरी माझ्या मते तो प्रयोग होताच कामा नये, मग लस कितीही गरजेची असो.

सगळ्यात अवघड प्रश्न आला कोविडला. टायफॉइडवर औषध आहे, कोविडवर तेव्हा खात्रीचं असं काहीच नव्हतं, आणि तरी मार्च २०२१ पासून लंडनमध्ये १८ ते ३० वयाच्या ३६ निरोगी तरुणांच्या नाकात विषाणूचे थेंब टाकले गेले. १८ जणांना लागण झाली, गंभीर कुणीच झालं नाही, पण बऱ्याच जणांची वास घ्यायची क्षमता गेली आणि काहींची सहा महिन्यांनंतरही पूर्ण परत आली नव्हती. कळलं काय, तर विषाणू आधी घशात सापडतो पण नाकात कितीतरी जास्त वाढतो, म्हणजे मास्क नाकाखाली घालून उपयोग नाही हे तिथे आकड्यांत दिसलं. ही माहिती मोलाची आहेच, पण त्या मुलांनी त्यासाठी जे गमावलं तेही तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं.

आणि या पद्धतीची एक मोठी मर्यादा आहे. सगळे स्वयंसेवक निरोगी आणि प्रौढ, मग तान्ह्या बाळावर लस कशी चालेल हे यातून कळणार कसं? त्यासाठी शेवटी मुलांमध्येच जावं लागतं. टायफॉइडच्या त्याच लसीची नेपाळमध्ये ललितपूरला सुमारे २०,००० मुलांवर ट्रायल झाली, नऊ महिन्यांपासून सोळा वर्षांपर्यंतची मुलं, आणि २०१९ मध्ये निकाल आला, संरक्षण ८२ टक्क्यांच्या आसपास. पण जागतिक आरोग्य संघटनेने त्याची वाट बघितली नव्हती, इतर पुराव्यांबरोबर ऑक्सफर्डचा डेटाही हातात होता, त्यामुळे सहा महिन्यांवरच्या बाळांसाठी अशा लसीची शिफारस २०१८ मध्येच झाली होती. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये तेव्हा बहुतेक अँटिबायोटिक्सना न जुमानणारा टायफॉइड पसरत होता, तिथे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ही लस मुलांना देण्याची मोठी मोहीम झाली.