शेवटच्या नळाची ओटी

(दृश्य: हरिपूर, कृष्णा-वारणा संगम. घाटाच्या पायऱ्यांवर ओला गाळ.)

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आणि जुलै 2021 मध्ये धोक्याची रेषा पुन्हा ओलांडली. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती असायला हवं, हा आकडा मात्र कुणाला विचारून बघा.

भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ, हरिपूर. काठावरच्या अशा गावांत पूर आला की जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, बुडते, पंपाच्या मोटारी जळतात. उकिरडा, गोठा, संडासाचा खड्डा सगळं एकाच पाण्यात कालवलं जातं आणि तेच पाणी विहिरीत उतरतं. पूर ओसरला की ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकते. टाकत नाही असं नाही. पण किती, कशी आणि कसली, इथं सगळा घोळ होतो.

(दृश्य: विहीर. कर्मचारी टेपनं व्यास मोजतो, मग दगड बांधलेली दोरी पाण्यात सोडतो.)

आधी पाणी मोजायचं. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 3.14, भागिले 4. मापं मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येतं, आणि एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते 62,800 लिटर झालं. स्वच्छ पाण्याला 1000 लिटरमागे अडीच ग्रॅम टीसीएल हा नेहमीचा हिशेब. म्हणजे 157 ग्रॅम.

पुरानंतर हा हिशेब चालत नाही. गाळ, कुजका पाला, शेण हे सगळं आधी क्लोरीन खाऊन टाकतं, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून हॉरॉक्सची पेटी, म्हणजे पावडर किती लागेल ते ठरवायचा चाचणी संच, उघडायची. तिच्यात सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन ग्रॅमचा चमचा आणि काचेच्या कांड्या असतात. काळ्या कपात सपाट एक चमचा टीसीएल घेऊन खुणेपर्यंत पाणी घालायचं, ढवळायचं आणि निवळू द्यायचं. पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी भरायचं. वरच्या निवळीचा पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यापर्यंत जायचं. अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइडच्या द्रावणाचे तीन थेंब. क्लोरीन उरलं असेल तर पाणी निळं होतं. स्पष्ट निळा रंग ज्या क्रमांकाच्या कपात पहिल्यांदा येईल, तितके चमचे 455 लिटरला लागतात.

(दृश्य: कप जवळून. पहिले दोन कोरे, तिसरा निळा.)

इथं तिसरा कप निळा झाला. म्हणजे 455 लिटरला सहा ग्रॅम. याच विहिरीला आता 157 नाही, सुमारे 830 ग्रॅम पावडर हवी. पाचपटीहून जास्त. नेहमीच्या मापानं टाकली असती तर वास आला असता, समाधान झालं असतं, आणि जंतू जागच्या जागी राहिले असते. सहाही कप कोरेच राहिले तर? तर पाणी अजून गढूळ आहे. आधी गाळ काढा, मग पुन्हा चाचणी. फक्त भोवतालच्या रानात पुराचं पाणी उभं असताना विहीर तळापर्यंत उपसू नका, बाहेरच्या दाबानं बांधकाम आत ढासळतं.

आता पावडर. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की ते उडून जातं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. प्रयोगशाळेचा अहवाल येईल तेव्हा येईल, पण साठ्याच्या खोलीत एक नजर टाकली तरी पुष्कळ कळतं. पावडरीचे खडे झालेत, वास मंदावलाय, शेजारच्या कपाटाच्या कड्या गंजून गेल्यात? मग क्लोरीन त्या कड्यांनी घेतलं, गावाला चुना राहिला. साठा जमिनीवर नको. फळीवर, झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावा.

पावडर थेट विहिरीत ओतायची नाही. एका बादलीत जास्तीत जास्त 100 ग्रॅम घेऊन थोड्या पाण्यात पातळ लापशी करायची, पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं निवळू द्यायचं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची, तळाचा चुना बाहेर टाकायचा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोरीनं पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी-उभी हलवायची. 830 ग्रॅमसाठी हे नऊ वेळा करावं लागतं, आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी अख्खी पिशवी काठावरून उलटी होते. नऊ बादल्यांना एकटा माणूस पुरत नाही. पंचायतीनं जोडीला दुसरा द्यायला हवा, हे साधं आहे, पण होत नाही. नाका-तोंडाला फडकं बांधावं. काम रात्री केलेलं बरं, म्हणजे पुढचा तासभर कुणी पाणी शेंदत नाही.

(दृश्य: वस्तीच्या टोकाचा नळ. हातात काचेची नळी.)

एका तासानंतर क्लोरीन शिल्लक आहे का, ते ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या द्रावणाची चाचणी, सांगते. नळी त्याच पाण्यानं खंगाळून घ्यायची, खुणेपर्यंत पाणी भरायचं, बाटलीवर सांगितलेले थेंब टाकायचे आणि पहिल्या दहा सेकंदांतला पिवळा रंग तक्त्याशी जुळवायचा. उशिरानं गडद होणारा पिवळा हा कामाचा क्लोरीन नव्हे. विहिरीवर 0.5 मिलिग्रॅम प्रति लिटर आणि शेवटच्या नळाला किमान 0.2 हवं. चाचणीचं पाणी ओतून टाकायचं, तोंडात जाऊ द्यायचं नाही.

ही चाचणी टाकीखालच्या नळावर करून रजिस्टर भरणं सोपं असतं. महिनाभर रोज नेमका 0.5 हाच आकडा असेल, तर ते रजिस्टर टेबलावर बसून भरलंय असं समजावं. टाकीत भरपूर आणि टोकाला कोरं, असं का होतं? पाणी दिवसातून तासभर येतं, बाकी वेळ पाइप रिकामा असतो. कुणी मोटर थेट नळाला लावली की पाइप आतून ओढतो, आणि फुटक्या जोडातून गटार आत येतं. व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये साचलेलं पाणीही असंच आत शिरतं. टाकीत आणखी पावडर टाकून हे भागत नाही. चेंबर उपसा, जोड बदला, खड्ड्यातले नळ वर घ्या.

गावचं पाणी भरवशाचं होईपर्यंत घरात पाणी खळखळून उकळावं. नाहीतर गढूळ पाणी तुरटीनं निवळून, गाळून घ्यावं आणि मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं बाटलीतलं द्रावण, बाटलीवरच्या मापानं घालून अर्धा तास थांबावं. गढूळ पाण्यात नुसते थेंब घालून काही होत नाही.

जुलाब-उलट्या दोन-चार दिवसांत दिसतात, गाव जागं होतं. कावीळ मात्र उशिरा येते. हेपटायटिस ई अंगात दोन ते नऊ आठवडे दबा धरून बसू शकतो, म्हणजे ऑगस्टच्या पुराची कावीळ नवरात्रात उगवते, तोवर ओटीची नळी कपाटात गेलेली असते. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार जिवावर बेततो. पुरापासून निदान दोन महिने आशाताईंनी घरभेटीत पिवळे डोळे, गडद लघवी आणि भूक मेलेली माणसं विचारून घ्यावीत, गरोदर बायकांची घरं आधी.

एकाच गल्लीत दोन रुग्ण निघाले की औषधांच्या आधी व्हॉल्व्हमनला गाठायचं. ती गल्ली कोणत्या व्हॉल्व्हवर आहे ते विचारायचं, तेवढी लाइन बंद करायची, गटाराशेजारचे जोड उकरून बघायचे. जोड बदलल्यावर जास्त क्लोरीनचं पाणी पाइपात तासभर कोंडायचं, सोडून द्यायचं, पाइप धुऊन ओटी घ्यायची, मगच पुरवठा चालू. तोवर गल्लीला टँकर. टँकरच्या तोटीलाही ओटी.