चिखलात उभी राहिलेली चकती

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग बाद फेरीत पोचली की फुटबॉलचा हिशेब बदलतो. लढत ९० मिनिटांची राहत नाही, १८० मिनिटांची होते. एक सामना याच्या मैदानावर, दुसरा त्याच्या, आणि दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. पुन्हा सांगतो, दोन्हींचे गोल एकत्र. पहिला सामना ०–१ असा गमावलेल्या संघाला निम्मी लढत संपल्यावर एका गोलची उधारी फेडायची असते, एवढंच.

२०२४–२५ पासूनची रचना थोडक्यात सांगतो. ३६ संघ, प्रत्येकाचे आठ सामने, सगळ्यांची मिळून एकच गुणतालिका. पहिले आठ थेट शेवटच्या सोळांत. नववा ते चोविसावा यांच्यात दोन-दोन सामन्यांची प्लेऑफ, म्हणजे उरलेल्या आठ जागांसाठीची लढत. पंचविसाव्यापासून खालचे बाहेर. पहिल्या वर्षी पॅरिस सेंट-जर्मेन पंधरावं आलं होतं आणि लिव्हरपूल पहिलं. शेवटच्या सोळांत दोघांची गाठ पडली. लिव्हरपूलने पॅरिसमध्ये १–० मिळवला, पॅरिसने लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डवर, १–० परतवला आणि मग पेनल्ट्यांवर, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असताना मारायच्या फटक्यांवर, ४–१ असं लिव्हरपूलला घरी बसवलं. पुढे म्युनिकच्या अंतिम सामन्यात इंटर मिलानचा ५–० फडशा पाडून तेच विजेते झाले. तालिकेतल्या पहिल्या क्रमांकाने एवढंच मिळतं की प्लेऑफ चुकते आणि परतीचा सामना आपल्या मैदानावर होतो.

आता मूळ प्रश्न. १८० मिनिटं संपली आणि गोल सारखेच राहिले, तर पुढे कोण जाणार? याचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत आलंय, आणि ते का बदललं हे कळायला १९६५ साली रॉटरडॅमला जावं लागतं.

तेव्हा या स्पर्धेचं नाव युरोपियन कप. उपांत्यपूर्व फेरीत एकीकडे इंग्लंडचा विजेता लिव्हरपूल, प्रशिक्षक बिल शँकली. दुसरीकडे कोलोन, म्हणजे जर्मनीत बुंडेसलिगा ही देशाची पहिल्या दर्जाची लीग सुरू झाल्यावर तिचा पहिलाच विजेता. फेब्रुवारीत कोलोनला पहिला सामना झाला, ०–०. परतीचा सामना बर्फामुळे पुढे ढकलावा लागला. १७ मार्चला तो ॲनफिल्डवर झाला, पुन्हा ०–०. १८० मिनिटं आणि एकही गोल नाही.

त्या काळचा नियम असा, की गोल सारखे राहिले तर तिसरा सामना तटस्थ मैदानावर खेळायचा. म्हणून २४ मार्च १९६५ ला दोन्ही संघ हॉलंडमध्ये, रॉटरडॅमला. आणि जो गोल तीन तासांत एकदाही झाला नव्हता, तो इथे धडाधड व्हायला लागला. इयान सेंट जॉन आणि रॉजर हंट यांनी लिव्हरपूलला २–० पुढे नेलं. मध्यंतराआधी कोलोनने एक फेडला, मध्यंतरानंतर लगेच दुसरा. २–२.

कोलोनचा बचावपटू वोल्फगांग वेबर याच सामन्यात जायबंदी झाला. पायाचं हाड मोडलेलं. पण तेव्हा बदली खेळाडू उतरवायची सोयच नव्हती. तो बाहेर गेला असता तर कोलोनला दहा जणांत खेळावं लागलं असतं. वेबर मोडक्या पायाने मैदानावर परत आला आणि शेवटपर्यंत राहिला. जादा वेळेतसुद्धा. बदली खेळाडूंची संख्या वाढली की आजही कुणीतरी म्हणतं, खेळ मऊ झाला. मला ते अजिबात पटत नाही. आज पाच बदल करता येतात, जादा वेळेत सहावा, आणि ही मोठी सुधारणा आहे. मोडलेल्या पायावर कुणालाही उभं करू नये, मग तो सामना कितीही मोठा असो.

जादा वेळ संपली, तरी २–२. नव्वद, नव्वद आणि एकशे वीस, असं तीनशे मिनिटांचं फुटबॉल झालं आणि निकाल नाही. पेनल्ट्या मारून निकाल लावायचं पेनल्टी शूटआउट तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. नियमात एकच उपाय उरला होता, नाणेफेक.

बेल्जियमचे पंच मैदानाच्या मध्यभागी आले. त्यांच्या हातात एक चकती, एक बाजू लाल, एक बाजू पांढरी. दोन्ही संघ भोवती उभे. लिव्हरपूलचा कर्णधार रॉन येट्स, सहा फुटांहून उंच, चकतीकडे डोळे लावून. पंचांनी चकती उडवली. ती वर गेली, खाली आली आणि चिखलात रुतून कडेवर उभी राहिली. लाल नाही, पांढरी नाही. तीनशे मिनिटांत ज्याचा निर्णय लागला नव्हता, त्याचा निर्णय द्यायला चकतीनेही नकार दिला.

चकती पुन्हा उडवावी लागली. या वेळी ती आडवी पडली आणि लिव्हरपूलची बाजू वर आली. लिव्हरपूल उपांत्य फेरीत. कोलोन एकही सामना न हरता स्पर्धेबाहेर. वेबर मोडका पाय घेऊन घरी.

त्या दिवशीचे दोन खेळाडू पुढच्याच वर्षी पुन्हा समोरासमोर आले. १९६६, वेम्बली, विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंडकडून रॉजर हंट, पश्चिम जर्मनीकडून तोच वेबर, बरा होऊन आलेला. शेवटचं मिनिट, इंग्लंड २–१ पुढे, आणि बरोबरीचा गोल कुणी मारला? वेबरने. सामना पुन्हा जादा वेळेत गेला आणि इंग्लंडने तो ४–२ जिंकला. लिव्हरपूल मात्र १९६५ च्या उपांत्य फेरीत इंटरला घरी ३–१ हरवूनही मिलानमध्ये ०–३ हरलं.

जाता जाता मैदानाबद्दल बोलतो. ती चकती उभी राहिली चिखलामुळे. आता युरोपातल्या मोठ्या मैदानांत गवताखाली गरम पाण्याचे पाइप असतात, निचऱ्याची नीट व्यवस्था असते. आपल्याकडे कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा बघायला येतात. एवढी माया करणाऱ्या गावांना वर्षभर खेळता येईल असं मैदान मिळायला हवं, स्टँड आणि प्रकाशझोत नंतर आले तरी चालतील. बरं, मूळ विषयाकडे वळतो.

चकतीवर कुणाचंच समाधान नव्हतं. म्हणून दोन उपाय आले. पहिला उपाय, परक्या मैदानावरच्या गोलला जास्त वजन. एकूण गोल सारखे असतील, तर ज्याने प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल केले तो पुढे. २०१९ ची उपांत्य फेरी आठवा. टॉटनहॅम घरी, लंडनमध्ये, आयॅक्सकडून ०–१ हरलं. ॲमस्टरडॅमला मध्यंतरापर्यंत आयॅक्स २–० पुढे. मग लुकास मोराने तीन गोल केले, तिसरा अगदी शेवटच्या क्षणी. एकूण ३–३, पण टॉटनहॅमचे तीनही गोल परक्या मैदानावर, म्हणून टॉटनहॅम अंतिम फेरीत. २०२१–२२ पासून हा नियम रद्द झाला. नीट लक्षात ठेवा, हा नियम आता नाही. कारण तो उलटायला लागला होता. घरी खेळणारा संघ गोल मिळवण्यापेक्षा गोल खाण्याला घाबरायचा आणि बचाव लावून बसायचा. रद्द केला ते योग्यच झालं.

दुसरा उपाय, पेनल्टी शूटआउट. या स्पर्धेत ते १९७०–७१ मध्ये आलं आणि एव्हर्टनने बोरुसिया मोंशनग्लाडबाखला ४–३ असं हरवलं. त्याच्या आदल्याच हंगामात सेल्टिक आणि बेनफिका यांचा निकाल नाणेफेकीवर लागला होता.

तर आजचा क्रम असा. एकूण गोल सारखे, तर १५-१५ मिनिटांची जादा वेळ. तरीही सारखे, तर पेनल्ट्या. आधी नाणेफेक होते ती कुठल्या गोलवर पेनल्ट्या मारायच्या यासाठी, मग दुसरी होते ती पहिली कुणी मारायची यासाठी. जादा वेळ संपताना जे मैदानावर असतात तेच मारू शकतात. एका संघाचा खेळाडू लाल कार्डाने बाहेर गेला असेल, तर दुसऱ्या संघालाही एक कमी करावा लागतो. पाच-पाच पेनल्ट्या, मग एकेक. सगळे मारून होईपर्यंत कुणालाही दुसऱ्यांदा संधी नाही.

पेनल्टीला लॉटरी म्हणतात, ते चूक आहे. चेंडू ११ मीटरवर, गोल ७.३२ मीटर रुंद. ताशी १०० किलोमीटर वेगाचा फटका गोलपर्यंत ०.४ सेकंदात पोचतो. म्हणून गोलरक्षकाला मारणाऱ्याच्या धावेवरून, टेकलेल्या पायावरून आधीच अंदाज बांधावा लागतो. चेंडू मारला जाईपर्यंत त्याच्या एका पायाचा थोडा तरी भाग रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा मागे हवा. तसं नसताना चेंडू अडवला तर पेनल्टी पुन्हा.

मारणाऱ्याचा टेकलेला पाय घसरला तर काय होतं, ते मार्च २०२५ मध्ये माद्रिदला दिसलं. ॲटलेटिको आणि रेआल या माद्रिदच्याच दोन क्लबांची लढत पेनल्ट्यांवर गेली, ॲटलेटिकोचा हुलियान अल्वारेस घसरला, उजव्या पायाने मारताना डावा पाय चेंडूला आधी लागला, आणि दोनदा स्पर्श म्हणून जाळ्यात गेलेला चेंडू गोल धरला गेला नाही. रेआल पुढे गेलं. त्यानंतर नियम स्पष्ट करण्यात आला. असा स्पर्श चुकून झाला आणि गोल झाला, तर पेनल्टी पुन्हा मारायची. ॲटलेटिकोला त्याचा काही उपयोग नव्हता.

कार्डांचं एकच सांगतो. तीन पिवळी कार्डं झाली की पुढचा सामना बंद. उपांत्यपूर्व फेरी संपली की जुनी पिवळी पुसली जातात.

आणि वेळा. युरोपात रात्री नऊला सुरू होणारा सामना फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीडला लागतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून उपांत्यपूर्व फेरीपासून तोच सामना साडेबाराला. मंगळवारचा सामना आपल्या दिनदर्शिकेत बुधवारी येतो, हे विसरू नका. अंतिम सामना मात्र एकच, तटस्थ मैदानावर, आणि २०२६ पासून त्याची वेळ युरोपात संध्याकाळी सहाची ठरली आहे. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ. घरातल्या शाळकरी मुलांनाही बक्षीस समारंभापर्यंत जागू द्या.

नमस्कार.